तारीख नाही

"हा जन्मायच्या आधीच कसा गेला गं?" असं म्हणत आईनं कागद ताटाशेजारी सरकवला.

तारीखबाईंचा घास हातातच राहिला. धाकटा भाऊ एकवीस वर्षांपूर्वी पायात चपला अडकवून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. बेपत्ता माणसांच्या यादीचा हा उतारा, त्यात त्याच्या नावापुढं मृत्यूची तारीख छापलेली: एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. त्याचा जन्म बहात्तरचा.

चूक कुणाची, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रामांनी तारीख कशी साठवायची, त्याचा साचा पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीच बनवला होता. सत्तर सालचा पहिला दिवस म्हणजे शून्य, तिथून पुढं दिवस मोजायचे. तारीख रिकामी आली तर शून्यच धरायचं, म्हणजे बेरीज-वजाबाकी अडत नाही. केवढी शाबासकी मिळाली होती! तेव्हा भाऊ घरात होता. रिकामी तारीख आपल्याही वाट्याला येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी? ऑफिसात तेव्हापासून त्या तारीखबाई झाल्या. आता निवृत्तीला चार महिने उरले होते, अंगात त्राण नव्हतं, आणि नवा साचाही त्यांच्याच गळ्यात पडला होता.

दुपारी त्यांनी साहेबांना सांगितलं, 'तारीख नाही' यासाठी वेगळी किंमत राखून ठेवू. तिच्यात काही मिळवा, काही वजा करा, उत्तर 'तारीख नाही' असंच यायला हवं. साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे, पण बोलणं आजोबांचं. म्हणाले, लोकांच्या सरासऱ्या निघायच्या नाहीत, कामं अडतील, जाता जाता हे विकतचं दुखणं कशाला?

"अडू द्या," तारीखबाई म्हणाल्या. "अडलं तर माणूस विचारील तरी. माझ्या शून्यानं माझ्याच भावाला मारलंय, साहेब."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, करा.

तीन आठवडे लागले. डोळे चुरचुरायचे, पाठ बोलायची. शेवटच्या दिवशी त्यांनी चाचणी म्हणून भावाचीच ओळ घेतली आणि मृत्यूला किती दिवस झाले ते प्रोग्रामला विचारलं. उत्तर आलं: तारीख नाही. त्यांनी डोळे पुसले आणि मशीन बंद केलं.

नवा उतारा आला. आईनं चष्मा लावून रिकाम्या रकान्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे आहे ना तो?"

एकवीस वर्षं या प्रश्नाला त्या 'येईल गं' म्हणत आल्या होत्या.

"माहीत नाही, आई."

आईनं कागदाची घडी घातली आणि ताट पुढं सरकवलं.

"जेव," ती म्हणाली. "निवतंय."