वाटी गच्चीत जाते

२००३ सालच्या हिवाळ्यात, एका सकाळी, ऊबबाईंनी स्टीलचा पसरट डबा दोन्ही हातांनी उचलला, त्याचे बूड मिटलेल्या डाव्या पापणीला लावले आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या.

"आता डोळ्यानं शिजवतेस का?" खिडकीजवळच्या खुर्चीतून नवऱ्याने विचारले.

"गप्प बसा हो. कळू द्या मला."

कोंबडीची अंडी उबवण्याच्या केंद्रात त्यांच्या नोकरीची सारी वर्षे गेली होती. अंडे पापणीला टेकवले की ऊब कमी आहे की जास्त ते त्यांना समजे. तापमापक नंतर, नुसता खात्रीपुरता. ऊबबाई हे नाव तिथल्या मुलींनी ठेवलेले. निवृत्त होताना ते नाव बरोबर आले आणि केंद्राने मोडीत काढलेली एक छोटी उबवणीची पेटीही आली. इतकी वर्षे माळ्यावर पडलेली ती पेटी आता ओट्याखाली घुमत होती. आत अंडी नव्हती, उकडलेले सोयाबीन होते.

"अंड्याला लागते त्याहून जराशी जास्त हवी," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पेटीचा खटका एक घर पुढे सरकवला.

हा उद्योग वन्संनी लावून दिलेला. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. रोज सकाळी बागेत वीस-पंचवीस बायकांना हातवारे करायला लावायच्या आणि कुठूनकुठून आरोग्याच्या बातम्या घेऊन यायच्या. आठवड्यापूर्वी त्या एक डबी घेऊन आल्या होत्या. झाकण उघडताच ऊबबाई दोन पावले मागे सरल्या होत्या.

"वन्सं, हे खराब झालंय."

"खराब नाही झालेलं, आंबवलंय. जपानी आहे. नाट्टो म्हणतात. तिकडे म्हातारी माणसं हे रोज सकाळी खातात नि टुणटुणीत राहतात. हृदयाला तर अमृत! यातलं दोन चमचे विरजण ठेव नि घरीच कर. तुझ्याकडे ती कोंबड्यांची पेटी आहे ना?"

"तुम्ही खाल्लंत?"

"मी कशाला? माझं हृदय ठणठणीत आहे. बाळनं खायचं."

बाळ म्हणजे ऊबबाईंचा नवरा. वय वर्षे चौसष्ट. बाकी सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. चौकात त्यांचे चष्म्याचे दुकान होते आणि भिंगे ते स्वतः घासत. उन्हाळ्यात त्यांच्या हृदयातली एक झडप बदलून धातूची बसवली होती. घरात शांतता असली की ती ऐकू येई, कुणी मनगटी घड्याळ गिळावे तशी. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, चाला, हळूहळू जिने चढा, दुकान उघडा. भिंगवाले मान हलवून घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. घर दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला तेव्हा लिफ्ट नव्हती.

"खाली उतरलो तर परत वर यावं लागेल," ते म्हणत, आणि दोन बोटे मनगटावर ठेवून नाडी बघत राहत.

केंद्रात ऊबबाई अंडी दिव्यापुढे धरून बघत. काही अंडी वरून अगदी धड असायची, वजनाला भरलेली, पण उजेडात आत काहीच हलत नसे. खुर्चीतल्या नवऱ्यावर खिडकीचा उजेड पडला की त्यांना ते आठवे आणि त्या उगाच भांडी वाजवू लागत. माणूस वाचला होता. पण घरी परत आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा सोयाबीनवर पांढरा थर धरला होता. चमचा उचलला तशा तारा सुटल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, तुटता तुटेनात. वास दिवाणखान्यापर्यंत गेला.

"कुणाचे मोजे राहिलेत पावसात?" भिंगवाल्यांनी विचारले.

"जमलं! अहो, पहिल्याच खेपेला जमलं!"

वाटी पुढे आली. भिंगवाल्यांनी चमचा वर नेला, तार हनुवटीला चिकटली.

"हे खायला दिलंस की चष्म्याची काडी चिकटवायला?"

"हृदयासाठी आहे. एक चमचा घ्या बघू."

त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडले. ऊबबाई समोर उभ्या होत्या, बाह्या वर सारलेल्या, वाफेने चेहरा तांबूस झालेला, निवृत्त झाल्यापासून दिसला नव्हता असा. भिंगवाल्यांनी तोंड मिटले, परत उघडले आणि चमचा आत घातला. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

"कसं आहे?"

"हृदयासाठीच आहे," ते म्हणाले.

पुढच्या सकाळी वाटी समोर ठेवल्यावर ते खुर्चीचे हात धरून उठले.

"मी हे गच्चीत जाऊन खातो."

"गच्चीत? चार जिने आहेत!"

"इथं वास फार कोंडतो. मोकळ्या हवेत लागायचा नाही."

ऊबबाई दारात थिजल्यासारख्या उभ्या राहिल्या. सपाता वर चालल्या होत्या. वळणावर थांबल्या. फार वेळ थांबल्या. हाक मारावी म्हणून त्यांनी कठड्याला हात लावला, तेवढ्यात सपाता पुन्हा चालू लागल्या. भिंगवाले परतले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, पण वाटी चाटूनपुसून साफ होती.

"सगळं संपवलंत?"

"एक दाणा ठेवला नाही."

मग तो नेमच झाला. ऊबबाई दोन दिवसांआड पेटी लावत. वाटी हातात धरून भिंगवाले वर जात, आणि जाऊन येण्यातले थांबे कमी होत चालले. कधीकधी त्यांना वर चांगला तासभर लागे. गालांवर रंग आला. मनगटावरची बोटे निघाली. एके दिवशी खाली उतरून ते दुकानाचे कुलूप उघडून आले, आणि महिन्याभरात सकाळभर दुकानात बसू लागले.

वन्संना तर काय, आकाश ठेंगणे झाले.

"सांगितलं नव्हतं? तू म्हणे खराब झालंय!"

"चुकले बाई," ऊबबाई म्हणाल्या. त्या कुणाचेही काहीही मान्य करायला तयार होत्या. ओट्याखालच्या पेटीवर त्या जाता येता हात ठेवत.

हिवाळा संपता संपता तपासणीची तारीख आली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब छोट्या यंत्रात घातला, आकडा बघितला आणि हसल्या.

"छान! नव्या झडपेची माणसं इतक्या लवकर अशी दिसत नाहीत. काय करता काय तुम्ही?"

"जिना चढतो," भिंगवाले घाईने म्हणाले.

ऊबबाईंना राहवले नाही. "जिना कसला डॉक्टर! माझ्या सोयाबीनची करामत आहे ती. घरी आंबवते मी. नाट्टो. रोज सकाळी वाटीभर खातात हे, न चुकता."

डॉक्टरीणबाईंचे हसू गेले. त्यांनी नळी टेबलावर ठेवली.

"नाट्टो? रोज? केव्हापासून?"

"हिवाळा लागल्यापासून. का हो?"

"हे बघा मावशी," डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "एरवी ते चांगलंच आहे. खुशाल खावं कुणीही. पण यांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. धातूच्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून. आणि त्या सोयाबीनमध्ये रक्त गोठायला मदत करणारं जीवनसत्त्व खच्चून भरलेलं असतं. रोज वाटीभर खाल्लं तर गोळी घेतली काय नि न घेतली काय, सारखंच. गुठळी सुटून मेंदूत गेली असती तर..." त्या थांबल्या. "मी पालेभाज्यांचं सांगितलं होतं. हे कुणी घरी करत असेल असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

खोली थंड झाली असावी. ऊबबाईंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद दोन्ही मुठींत धरले. एवढे दिवस, एवढ्या वाट्या. त्यांना पेटीची घरघर ऐकू येत होती, आणि तिच्यातून नवऱ्याच्या छातीतली टिकटिक.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या बोटाला सुई टोचली. यंत्राकडे पुन्हा बघितले, मागचे आकडे बघितले आणि भुवया वर केल्या.

"पण असं कसं? सगळ्या तपासण्या अगदी एका ओळीत आहेत. रोज नाट्टो खाणाऱ्या माणसाचं रक्त असं असूच शकत नाही."

ऊबबाईंनी हळूच मान वळवली. भिंगवाले शर्टाची बटणे लावत होते. वरचे बटण त्यांनी खालच्या काजात घातले, मग ते काढून त्याहून खालच्या काजात घातले.

बाहेरच्या बाकावर दोघे बसले. समोरून चाकाच्या खुर्च्या जात-येत होत्या.

"खोटारडे," ऊबबाई म्हणाल्या.

"हो."

"पहिल्या दिवशी खाल्लंत ते तरी?"

"ते खरं होतं. ते विसरणं शक्य नाही."

"आणि बाकीचं? फेकत होतात? माझे रात्रभर भिजवलेले दाणे, माझी ऊब..."

"अगं, एक दाणा ठेवला नाही म्हटलं ना? दाणासुद्धा फेकला नाही. चल, दाखवतो."

ऊबबाई कितीतरी दिवसांनी वरच्या मजल्यांवर जात होत्या. पुढे भिंगवाले, मागे त्या. त्या धापा टाकत होत्या, भिंगवाले नव्हते. गच्चीच्या खालच्या मजल्यावर ते थांबले आणि एका दारावर टकटक केली.

"उघडंच आहे! आज इतका उशीर, भिंगवाले? मी केव्हाचा भात मांडून..."

दार उघडले. कप्तान उभे होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी वाटी. आयुष्यभर ते मालवाहू बोटींवर आचारी होते, बटाट्यांचे डोंगर सोललेले. कप्तान त्यांना या इमारतीने केले होते. बायको गेल्यापासून त्यांनी खाली उतरणे सोडले होते. ऊबबाईंना बघून त्यांनी वाटी पाठीमागे नेली.

"कळलंय वाटतं," ते म्हणाले.

"कळलंय," ऊबबाई म्हणाल्या.

"मग आत या. जिन्यात उभं राहून शिव्या द्यायला त्रास होतो."

आत एकच ताट होते, एकच पेला. कप्तानांनी काठी टेकवली.

"पहिल्या दिवशी हे गच्चीत पोचलेच नव्हते. कावळ्यांना घालायचा बेत होता. माझ्या दारासमोरच्या पायरीवर बसले होते, तोंडाचा आ वासून. आणि मला आत वास आला. वहिनी, मला वाटलं, मला भ्रम झाला! जपानच्या बंदरात आमची बोट थंडीभर अडकली होती. धक्क्यावरची एक म्हातारी गरम भातावर हेच वाढायची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. त्यानंतर थेट त्या दिवशी. मी दार उघडलं नि यांना म्हटलं, ती वाटी इकडे द्या, नाहीतर पोलिसांना बोलावतो."

"तसंच म्हणाले," भिंगवाले म्हणाले.

"ही गेल्यापासून मी भात टाकायचंच सोडलं होतं. एकट्यासाठी कोण चूल पेटवतो? पण याला गरम भातच लागतो." त्यांनी ऊबबाईंकडे बघितले. "त्या म्हातारीपेक्षा तुमचं चांगलं होतं, हे तिच्या मागं बोलतो, पण खरं आहे."

ऊबबाई बसल्या होत्या त्या एकदम उठल्या.

"कप्तान, तुम्ही औषधं कोणती घेता? सगळी आणा इथं. आत्ता."

कप्तान आत गेले आणि बराच वेळ खुडबूड करून गुडघ्याला लावायचे मलम घेऊन आले. ऊबबाईंनी ते हातात घेऊन दोन्हीकडून वाचले.

"एवढंच?"

"एवढंच. वास घेऊन बघता का?"

ऊबबाईंना आधी हसू आले, मग रडू, आणि दोन्ही एकदम आवरेना म्हणून त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या. भिंगवाले त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. खोली गप्प झाली आणि त्या गप्पपणात टिकटिक चालू होती, एकसारखी, कशाचीही घाई नसलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी त्यांनी डब्याचे झाकण काढले. भिंगवाले खुर्चीत बसले होते. ओट्यापासचा चमच्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. त्यांच्यासमोर वाटी आली, नेहमीपेक्षा मोठी, शिगोशीग भरलेली.

"हे काय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"गच्चीत जाऊन खा," ऊबबाई म्हणाल्या. "इथं वास कोंडतो."

भिंगवाल्यांनी त्यांच्याकडे बघितले. मग वाटी घेतली आणि सपाता घातल्या. ऊबबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. वळणावर सपाता थांबल्या नाहीत.

भिंगवाले त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. दुकान त्यांनी शेवटपर्यंत चालवले आणि सोयाबीनच्या दाण्याला पुन्हा तोंड लावले नाही. कप्तान पुढच्याच वसंतात रिकामी वाटी परत द्यायला म्हणून स्वतः खाली उतरले, आणि दुपारी दुकानात बसून गिऱ्हाइकांना बंदरांच्या गोष्टी सांगू लागले. नव्वदीच्या घरात असताना, जेवण झाल्यावर, खुर्चीतच गेले. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथे नव्या रोग्याला त्या औषधांच्या आधी विचारतात, घरात तुम्हाला कोण काय करून घालतं? वन्संनी मरेपर्यंत बागेतल्या बायकांना सांगितले की बाळचे हृदय नाट्टोने बरे झाले. त्यांना खरे काय ते कुणी कधी सांगितले नाही. ते अगदीच खोटे आहे असे ऊबबाईंना कधी वाटलेही नाही.

पेटी अजून ओट्याखाली आहे. इमारतीला आता लिफ्ट झाली आहे, पण ऊबबाई जिन्यानेच जातात, हळूहळू, प्रत्येक वळणावर थांबून, हातात वाटी घेऊन. डॉक्टर म्हणतात या वयाला तब्येत छान आहे, चालू द्या. गच्चीत पोचल्या की त्या कठड्याशी उभ्या राहून वाटीतला पहिला चमचा उचलतात. तारा वाऱ्यावर लांबतात. भिंगवाल्यांनी ते एकदाही तपासून बघितले नव्हते, पण ते खरेच होते. मोकळ्या हवेत वास लागत नाही.