लाल वर, काळं खाली

पाचशे पोस्टकार्डं उलटी छापून बसले होते मी.

आता तुम्हीच सांगा, कार्डावरचं चित्र म्हणजे नुसते रंगांचे फटकारे. त्यात डोकं कुठलं, पाय कुठले, कळणार कसं? चित्राच्या फोटोमागे चित्रकाराने पेन्सिलीने बाण काढला होता. आमच्या छापखान्यात बाण म्हणजे मशीनमध्ये आधी जाणारी कड, आणि तिकडे आम्ही चित्राची खालची बाजू धरतो. मी तसंच लावलं आणि खाली त्यांचं नाव छापलं. त्या बाबांचा बाण मात्र साधा होता: ही बाजू वर. ऑर्डरच्या तळाशी लिहिलंही होतं, ‘लाल वर, काळं खाली’. ते वाचलं कार्डं कापून झाल्यावर! मालकांनी गेल्याच महिन्यात बजावलं होतं, “ताई, आणखी एक चूक आणि घरी बसायचं.” घरात कमावती मी एकटी.

दुपारी चित्रकार स्वतः आले. सत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट. मालकांनी कार्ड पुढे केलं. मी दोन पावलं मागे सरकले.

त्यांनी कार्ड नाकाशी नेलं, मग लांब धरलं.

“वा! लाल कसं वरून कोसळतंय बघा! अगदी मनासारखं.”

मालकांना चित्रातलं ओ की ठो कळत नाही. तेही खूश. सुटले गं बाई, मी मनात म्हटलं.

आणि मग अंगावर काटाच आला. वर काळं होतं, चांगलं अर्धं कार्डभर. यांना ते दिसलंच नव्हतं. हे पाठ केलेलं बोलत होते.

“निघतो,” त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. “आमची ही गाडीत ताटकळलीय.”

बाहेर नुकतीच शाळा सुटली होती. रस्ताभर पोरं.

गप्प राहिले तर नोकरी राहणार होती. ते दारापर्यंत पोचले.

“काका, थांबा! कार्डं उलटी छापलीत. माझी चूक. काळं वर आहे.”

त्यांनी कार्ड डोळ्यांशी नेलं. फिरवलं, परत फिरवलं.

“ताई, उद्यापासून येऊ नका,” मागून मालक म्हणाले.

“काका, किल्ली द्या.”

त्यांनी ती माझ्या तळव्यावर ठेवली. मग खिडकीकडे तोंड करून हळूच विचारलं, “आमची ही दिसतेय का गं तुला? काय करतेय?”

“केस विंचरताहेत,” मी सांगितलं.