टिचबटणाचं दार

कामिनी लग्न होऊन देवपूरहून अमळनेरला आली त्याला तीन महिने झाले, पण नवऱ्याच्या आठ वर्षांच्या पोरीनं, डिंपलनं, तिला अजून कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती. डिंपलची आई जाऊन दोन वर्षं झालेली. पोरगी भांडायची नाही, रुसायची नाही; ताट पुढं आलं की जेवायची आणि उठायची. भांडखोर पोरीची समजूत तरी काढता येते हो, या गप्प पोरीचं काय करणार?

कामिनी ब्लाउज शिवणारी. हातात सुई आली की तिला उपाय सुचायचे. तिनं एका जुन्या चादरीवर चिमणी-कावळ्याची गोष्ट शिवली. चादरीवरच आखलेली चार मोठी पानं, अक्षरंसुद्धा दोऱ्याची. शेवटच्या पानावर चिमणीचं घर आणि त्याला कापडातच कापलेलं खरंखुरं दार, टिचबटण लावलेलं. भारीच जमलं होतं, खोटं कशाला बोलू!

शाळा सुटल्यावर तिनं चादर भिंतीला टांगली आणि गोष्ट वाचली. चिमणीही तीच, कावळाही तीच. दार वाजवलं तिनं, टिचबटण काढून उघडलंही तिनंच. डिंपल शेवटपर्यंत बसली, मग दप्तर उचलून आत निघून गेली. कामिनीचं तोंड एवढंसं झालं.

सासूबाई, झुंबरबाई, कोपऱ्यात शेंगा फोडत होत्या. "अवं, कडी त मझार ऱ्हास ना?" त्या म्हणाल्या. "तू त भाहेरथीनच उघाडी टाकं!"

घराची कडी आतून असते, एवढी साधी गोष्ट शिवणाऱ्या बाईच्या ध्यानात आली नव्हती. कामिनीनं बटण उसवलं आणि चादरीच्या मागच्या बाजूला लावलं. चिमणीची वाक्यंही मागेच शिवली. दुसऱ्या दिवशी चादर खाटेवरून खाली सोडली आणि डिंपलला खाटेखाली बसवलं.

"चिमणीचं तू वाच. दार कधी उघडायचं ते चिमणीनं ठरवायचं."

"नाहीच उघडलं तर?"

"तर कावळा बाहेर बसेल. दुसरं काय!"

आणि बसला की कावळा, चांगला आठ दिवस! आतल्या चिमणीची कामं काही संपेनात. शिवलेली वाक्यं संपली की डिंपल मनाची कामं काढायची. गृहपाठ राहिलाय, वेणी घालायचीय, आजीच्या शेंगा फोडायच्यात. झुंबरबाई हसून लोटपोट. कामिनीही हसायची, पण आत कुठंतरी दुखायचं. ही पोर आपल्याला कधी घरात घेणारच नाही, असं तिला वाटायला लागलं होतं.

नवव्या दिवशी कामिनी नेहमीसारखी फरशीवर येऊन बसली. पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात टिच्‌ आवाज झाला. दारातून डिंपलचं तोंड बाहेर आलं.

"ये."

"अगं, अजून पाऊस नाही आला. मी दार पण नाही वाजवलं."

"माहितेय," डिंपल म्हणाली. "पण तू रोज बाहेरच बसते."

दार वीतभर, बाई केवढी! तरी कामिनीनं डोकं घातलं, मग खांदा घातला. चादर टर्रकन फाटली आणि दोघींच्या अंगावर आली.

"काय फाटनं वं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"काही नाही, आजी," चादरीखालून डिंपल ओरडली. "आम्ही घरात आहोत."