दोन बोटं वाढ

राजेंद्र स्टुलावर चढला आणि पामच्या शेंड्यातल्या मिटलेल्या पानावर मागच्या रविवारी शेजारच्या देठाशी जुळवून काढलेली स्केचपेनची रेघ शोधू लागला. खाली सुलेखा स्टूल धरून उभी होती. गेले तीन महिने दर रविवारी नवऱ्यासाठी ती असंच स्टूल धरायची.

“वाढलंय का?”

“तिथंच हाय. हललं नाय जरासुद्धा.”

सुलेखानं मान खाली घातली. नोकरीवर रुजू व्हायला आता नऊच दिवस उरले होते.

हा बिस्मार्क पाम राजेंद्रनं कुठल्याशा रिसॉर्टमध्ये पाहिला होता. पंख्यासारखी चंदेरी पानं त्याच्या मनात भरली, आणि मुकुंदवाडीतल्या त्यांच्या टीचभर अंगणात क्रेननं ते धूड उतरलं. पडू नये म्हणून त्याला चारी बाजूंनी बांबूचे टेकू दिले होते. फाटकापर्यंत जायचं तर सुलेखाला अंग चोरून, वाकून जावं लागे.

नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही कधी येईल याचा नेम नाही. ते सुलेखानं भरून ठेवायचं आणि रोज दोन बादल्या स्टुलावर चढून पामच्या डोक्यावर ओतायच्या, असा राजेंद्रचा हुकूम होता. “डोक्यात पाणी नसतं घालायचं, कुजतं,” असं सुलेखाचे सासरे कारभारी ओट्यावरच्या बाजेवरून एकदा म्हणाले होते. पण जन्मभर कपाशी केलेल्या माणसाला पाममधलं काय कळणार!

सुलेखाला अजिंठ्याजवळच्या उपकेंद्रात नर्सची नेमणूक मिळाली होती. कोर्स लग्नाआधीचा, नेमणूक अकरा वर्षांनी. राहायला तिथंच खोली होती. ते पत्र तिनं इतक्या वेळा उघडलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं.

“मी कुठं अडवतोय?” राजेंद्र स्टुलावरून उतरत म्हणाला. “पान दोन बोटं वर आलं की समजायचं, झाड लागलं. मग खुशाल जा. आत्ता सोडून गेलीस तर मरंल ना ते.”

त्याचं अडवणं असंच गोड असायचं, भांडायला जागाच ठेवायचा नाही. सुलेखाला त्या झाडाचा संताप यायचा, आणि मुक्या झाडावर आपण संतापतो म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

पुढच्या रविवारी राजेंद्र स्टुलावरून ओरडलाच.

“दोन बोटं! मोजून दोन बोटं!”

त्यानं पट्टी लावून फोटो काढला, शेजाऱ्यांना हाका मारून दाखवलं. शब्दाला मात्र तो पक्का होता.

“जा मग मंगळवारी,” तो म्हणाला. “पण पाणी कोण घालणार?”

“मी घालीन की, खालनं तांब्या-तांब्यानं,” कारभारी बाजेवरून म्हणाले.

मंगळवारी सकाळी राजेंद्र रिक्षा आणायला गेला. बॅग फाटकापाशी होती. शेवटचं पाणी घालावं म्हणून सुलेखा स्टुलावर चढली. इतके दिवस जी वर सरकायची वाट पाहिली त्या रेघेवरून तिनं बोट फिरवलं, आणि पान सहज तिच्या हातात आलं. बूड काळं पडलेलं, कुजका वास. शेंड्याच्या पोकळीत चिंधीचा एक बोळा घट्ट बसवलेला होता, पान उचलून धरायला. धोतराची चिंधी, काठासकट. या घरात धोतर एकच माणूस नेसायचा, आणि त्याला बाजेवरून उठायलाही हात द्यावा लागायचा.

तिनं ओट्याकडे पाहिलं. कारभारी तळहातावर तंबाखू मळत होते.

“शेंडा मेला तरी बाकीची पानं दोन महिने तशीच राहत्यात,” ते मान वर न करता म्हणाले. “तवर तुझं तिथं बस्तान बसंल.”

सुलेखानं पान पुन्हा बोळ्यावर टेकवलं, रेघ समोर येईल असं फिरवलं आणि आजूबाजूच्या देठांत घट्ट दाबलं. बाहेर रिक्षा थांबली. बादली भरलेलीच राहिली.

“मामा, परत स्टुलावर चढू नका,” ती हळूच म्हणाली.

“आता कशाला चढतो?” कारभारींनी तंबाखू तोंडात टाकली. “लागलं की झाड.”