वेदीची उरलेली फळी

मित्रांनो, मी जालन्याच्या एका जुन्या कॅथलिक चर्चमधली सागवानी वेदी आहे. 'होते' म्हणा हवे तर. आज माझी एकच फळी उरली आहे, पण बोलण्यापुरती ती पुरे.

मी मुख्य वेदी कधीच नव्हते. ती समोर मधोमध, दगडी आणि उंच. मी डाव्या भिंतीला टेकून उभी असे. माझ्यावर मरियामातेची मूर्ती होती आणि पुढे मेणबत्त्या लावायला अरुंद पाट. मला कमरोद्दीन मिस्त्रींनी घडवले. तोवर त्यांनी दरवाजे आणि पलंगाचे पाय कोरले होते, वेदी कधी पाहिलीही नव्हती. त्या वेळच्या परदेशी फादरांनी द्राक्षाची वेल हवी म्हणून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "फिकर नक्को करो, साब. बेल ऐसी काढतूं कि चिड़ियां धोका खाइंगे." वेलीची पाने जरा मोसंबीच्या पानांसारखी झाली खरी, पण तक्रार कुणीच केली नाही.

मोठ्या वेदीपुढे लोक प्रार्थना म्हणत. माझ्यापुढे येऊन रडत. हात पोचेल इतकी मी जवळ होते ना! पिढ्यान् पिढ्यांच्या बोटांनी माझी वेल गुळगुळीत झाली.

त्यातली एक द्वारकाबाई. तिची लेक वंदना काविळीने दवाखान्यात पडली, तेव्हा ती माझी वेल धरून बसून असे. वंदना वाचली नाही. मला वाटले, आता ही बाई माझे तोंड पाहणार नाही. पण लेकीला माती दिल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती ओले फडके घेऊन आली आणि मला पुसू लागली. शेजारीण म्हणाली, "आता कशाला येतीस, बाई?"

"त्यानं दिलं न्हाई म्हून त्याचं घर झाडायचं सोडू का?" द्वारकाबाई म्हणाली.

तेव्हापासून मला तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी पुसल्याचे आठवत नाही.

पुढे माझ्यावरची कौले फुटली. पावसाळ्यात पाणी माझ्या पाठीवरून खाली उतरू लागले. द्वारकाबाईने घरचे घमेले आणून ठेवले आणि चर्चच्या समितीचे प्रमुख राजानंद यांना गाठले. "पाणी गळून राह्यलंय, बाबा. दोन कौलं बदला. लाकूड हाय ते, सडंल."

"पुढच्या पावसाळ्याआधी नक्की, मावशी," राजानंद म्हणाले.

ते दुष्ट नव्हते. लहानपणी आईचे बोट धरून तेही माझ्यापुढे गुडघे टेकत. पण तो पावसाळा गेला, त्यापुढचेही गेले. मी काळवंडले, तेव्हा कौले बदलण्याऐवजी त्यांनी मला सोनेरी ऑइलपेंट फासला. सगळे म्हणाले, "किती छान दिसते!" रंगाच्या आत ओल तशीच कोंडली आणि खालून वाळवी चढली.

एके दिवशी राजानंदांनी माझ्या पायथ्याला टिचकी मारली. भुसा गळाला. "वाळवी! बाकही खाऊन टाकील. काढा हिला. इथं संगमरवरी वेदी बसवू."

"खालचंच सडलंय," द्वारकाबाई आडवी उभी राहिली. "वरचं सगळं धड हाय. मी इतकी वर्षं सांगून राह्यले, तवा कुनी वर चढून बघितलं न्हाई. आता पाडायला बराबर आले सगळे!"

"मावशी, जुन्याचा मोह बरा नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. मऊ आवाजात सांगितलेली गोष्ट मागे घेतली जात नाही, हे मला तेव्हा कळले.

मरियामातेची मूर्ती उतरवून मला मागच्या अंगणात टाकले. चर्चचा सण आला, मोठ्या चुली पेटल्या, जळण कमी पडले. कुणी राजानंदांना विचारलेही नाही. कुऱ्हाड चालली. माझ्या खांबांवर भात शिजला, कमानीवर वरण. लोक पंगतीत बसून जेवले. द्वारकाबाई वाढायला आली होती. चुलीत काय जळते आहे ते दिसताच तिने हातातली बादली खाली ठेवली आणि पेटती फळी बाहेर ओढली. तिच्या तळहाताला फोड आले. पाणी ओतून विझवलेली फळी पदरात गुंडाळून ती न जेवता घरी गेली. ती फळी म्हणजे मी, वेलीची.

वर्षभराने शहराचा इतिहास लिहिणारी काही माणसे आली. एका जुन्या छायाचित्रात त्यांनी मला पाहिले होते. "ही अप्रतिम वेदी कुठे आहे?" त्यांनी विचारले. कुणीतरी राजानंदांच्या कानात द्वारकाबाईने वाचवलेल्या फळीचे सांगितले. संध्याकाळी ते द्वारकाबाईच्या दारात उभे राहिले. "मावशी, ती फळी द्या. चर्चच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

 तिने आतून मला आणले आणि त्यांच्या हातात दिले.

आता मी चर्चच्या सभागृहात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे: 'आमचा अमूल्य वारसा'. उद्घाटनाला भाषणे झाली, टाळ्या झाल्या. माझी एक कड जळून काळी का आहे, हे कुणी सांगितले नाही. गर्दी पांगल्यावर द्वारकाबाई पुढे आली आणि तिने हात लांब केला.

"हात नका लावू, मावशी," राजानंद घाईने म्हणाले, "काचेवर डाग पडतात."

तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला. त्यानंतर ती सभागृहात आलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी जुनी वस्तू असेल आणि तिला रोज पुसणारे एखादे माणूस असेल. ते काही सांगू लागले, तर त्याच दिवशी उठा. पाट्या लिहायला मागाहून पुष्कळ लोक मिळतात.