गच्चीवरचा व्हॉल

लेक बाळंतीण होऊन घरी आलेली, तिला ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, आणि नळाला सुतळीएवढी धार! वैजयंतीबाईंना हे काही केल्या सहन होईना. कारंजा गावातल्या त्या तीन मजली इमारतीत त्यांचा फ्लॅट सगळ्यात वर होता. धनज गावचं शेत बटाईनं देऊन त्या आणि त्यांचे यजमान जगदेवराव इथं राहायला आले, तेव्हा पाण्याची काही तक्रार नव्हती. योगिनी बाळाला घेऊन दवाखान्यातून आली आणि त्याच आठवड्यात धार बारीक झाली.

बबलू प्लंबर आला. त्यानं नळांच्या जाळ्या काढून धुतल्या. टाकी तुमच्या डोक्यावरच आहे, त्यामुळं खालच्यांपेक्षा जोर कमीच राहणार, पण इतका कमी नाही, असं म्हणत तो गच्चीवर गेला. तिथं टाकीतून प्रत्येक फ्लॅटचा वेगळा पाइप निघत होता आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल. वैजयंतीबाईंचा व्हॉल जवळजवळ बंद होता. बबलूनं तो उघडला तशी खाली नळ धो धो वाहू लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुतळी.

म्हणजे हे कोणीतरी मुद्दाम करत होतं. वैजयंतीबाईंना फार शोधावं लागलं नाही. त्यांच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये रामीबाई राहत, मानोऱ्याकडच्या तांड्यावरून मुलाकडे आलेल्या. रोज सकाळी गोधड्यांचं गाठोडं घेऊन त्या गच्चीवर जात आणि रिकाम्या हातानं उतरत. रोज रोज कुणाच्या गोधड्या वाळत घालायच्या असतात? शिवाय खालच्या घरात बादलीत पाणी कसं दणदण पडतं, तेही वैजयंतीबाई खिडकीतून ऐकत होत्या. त्यांनी जगदेवरावांना हे सगळं जुळवून सांगितलं. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, की पाणी कमी येतं तर जरा कमी वापरावं. या माणसाला घरातलं कशाचंच पडलेलं नाही, असं वैजयंतीबाईंच्या मनात आलं.

शेवटी एका सकाळी त्यांनी रामीबाईंना जिन्यातच गाठलं.

"आमचा व्हॉल तुमीच बंद करता ना?"

डोक्यावरचं गाठोडं सावरत रामीबाई थांबल्या. "मी हात नाय लावला, ताई."

"मंग रोज गच्चीवर कायले जाता?"

"गोधड्या वाळू घालाले."

"रोज?"

रामीबाईंनी वैजयंतीबाईंच्या उघड्या दाराकडे एकदा पाहिलं, काही बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि तशाच वर निघून गेल्या. हातात पुरावा काही नव्हता, पण चोर सापडला अशी वैजयंतीबाईंची खात्री पटली. आता फक्त डोळ्यांनी पाहायचं राहिलं होतं.

बबलूला बोलावून त्यांनी व्हॉल पुन्हा उघडून घेतला. दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपताच त्या गच्चीवर जाऊन टाकीमागं बसल्या. उन्हानं पाठ भाजत होती. मग चपला वाजल्या. त्या चपलांचा आवाज घरातलाच होता, म्हणून तर त्यांचा आधी विश्वासच बसेना. जगदेवराव आले, वाकले आणि व्हॉल फिरवू लागले.

"तुमी?"

जगदेवराव दचकले, मग कठड्याला टेकले. "नहाणीच्या जाळीखालचा जॉइंट गेला आपला. आपण जेवढं पाणी सांडतो, तेवढं त्यायच्या खोलीत टपकते. रामीबाईनं मले सांगतलं. मी म्हणलो, उद्याच फरशी फोडतो. तं रामीबाईच म्हणे, पोरगी ओली बाळंतीण हाय, धूळ-ठोकाठोकी नोको, सव्वा महिना जाऊ द्या. म्हून तोवर पाणीच कमी सोडतो."

"अन् मले कायले नाय सांगतलं?"

"तू आयकली नसती. एक तं त्याच दिवशी फोडाले लावलं असतं, नायतं त्यायच्यासंगं भांडली असती."

वैजयंतीबाई तडक खाली गेल्या. रामीबाईंच्या नहाणीला लागून असलेल्या आतल्या खोलीत छताला काळपट ओल धरली होती. पलंग सरकवायला जागा नव्हती, तेव्हा त्यावरच घमेलं ठेवलं होतं. तरी शिंतोडे उडून अंथरूण भिजत होतं.

"मले सांगाचं तरी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"तुमी इचारलं कुठं, ताई? तुमी तं सरळ आळच घेतला."

चुकलं माझं, एवढंच वैजयंतीबाई बोलल्या. रामीबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पलंगावरचं घमेलं रिकामं करायला उचललं.

सव्वा महिन्याची वाट मात्र वैजयंतीबाईंनी पाहिली नाही. वर फरशी फुटत होती तेवढे दिवस योगिनी आणि बाळ रामीबाईंच्या पुढच्या खोलीत राहिली. पाय पसरून त्यावर बाळाला न्हाऊ घालण्याचं काम रामीबाईंनी कुणाला न विचारता आपल्याकडं घेतलं. जॉइंट नवा बसला, ओल सुकली. बबलूनं वरच्या फ्लॅटच्या लाइनवर एक लहानसा पंपही जोडला, आणि बादली भरायला उभं राहायची गरज उरली नाही.

रामीबाई येता-जाता बाळाची चौकशी करतात, पण योगिनीजवळ. वैजयंतीबाईंशी कामापुरतं बोलतात. ते त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं आहे. त्यांना खुपतं ते वेगळंच. आपण जेवताना रामीबाईंना बोल लावत होतो आणि समोरचा माणूस सगळं माहीत असून शांतपणे भाकर मोडत होता. आता जगदेवराव धनजला जाऊन येतो म्हणाले, की त्या विचारतात, "धनजलेच ना?" आणि उत्तर मिळालं तरी त्यांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहतात.