काउनाकची बर्फ ठोकणारी काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, गोठलेला समुद्र ठोकून पाहणारी. आमच्याकडे झाडं उगवत नाहीत. काउनाकला किनाऱ्यावर वाहत आलेला एक वासा सापडला. तो त्याने तासला, मोडक्या कानशीचं टोक चामड्याच्या वादीने त्याला आवळलं आणि मी तयार झाले.

काउनाक कुत्र्यांच्या पुढे चालायचा आणि बर्फावर मला हाणायचा. एका घावात मी आरपार गेले, तर आल्या पावली मागे. बर्फाने तीन घाव सोसले, तर माणसं, कुत्री, घसरगाडी, सगळं पुढे. "हिच्यामुळे घरी पोचतो," असं तो चारचौघांत सांगायचा. मी मनातल्या मनात फुगायचे.

पुढे तो वारला. त्याच हिवाळ्यात त्याच्या लेकीला, लीतियाला, नात झाली. आमच्यात गेलेल्याचं नाव बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही. त्या चिमुरडीचं नाव काउनाक ठेवलं. तेव्हापासून लीतिया तिला 'बाबा' म्हणते, आणि ती आजीला 'लेकी'.

मग घरोघरी इंजिनावर पळणाऱ्या बर्फगाड्या आल्या. माझ्यासाठी थांबायला कुणाला फुरसत? मी दाराशी हातमोजे वाळवत पडून राहिले. खरं सांगते, फार लागलं मनाला. तिकडे बर्फही बदलत चालला होता. पूर्वी जूनपर्यंत टिकायचा, आता त्याचा नेम राहिला नाही.

यंदा एप्रिलमध्ये लीतियाने हट्ट धरला. खाडीपलीकडच्या तळ्यावर तिला एकदा जायचं होतं. लहानपणी ती तिथे वडिलांबरोबर मासे धरायची. आता गुडघे साथ देत नव्हते. नातीने माझ्यावरचे हातमोजे काढले आणि मला गाडीला बांधलं.

"बाबा, ही कशाला?" लीतिया हसली. "वाट तुमचीच आहे की."

खाडीच्या चिंचोळ्या तोंडाशी नातीने गाडी थांबवली.

"इथे तर तुम्ही कुत्र्यांना पळवायचात. म्हातारे झालात वाटतं?"

"गप बस गं लेकी. जरा बघू दे."

ती मला घेऊन दहा पावलं पुढे गेली, वरचा भुसभुशीत थर बाजूला केला आणि मला हाणलं. एकाच घावात मी आरपार गेले. भोकातून काळं पाणी वर आलं. स्वतःच्या पावलांत पाय ठेवत ती हळूहळू मागे आली आणि दोघी आल्या चाकोरीने परत फिरल्या.

किनाऱ्यावर पोचल्यावर लीतियाने मागे वळून पाहिलं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात, ही वाट कधी दगा देत नाही."

नातीने मला तिच्या हाती दिलं.

"तेव्हा नव्हती देत, लेकी."

लीतियाने बाहीने माझं टोक पुसलं आणि घरी येईपर्यंत मला मांडीवर धरून ठेवलं.

मित्रांनो, आता माझ्यावर कुणी हातमोजे टाकत नाही. घराबाहेर पडताना मला आधी उचलतात. तुम्हीही तुमच्या जुन्या वस्तूंना असं अडगळीत टाकू नका. पण लीतिया रोज मला विचारते, "पुढच्या वर्षी तळ्यावर जाता येईल का गं?" गोठलेल्या बर्फाचं मी सांगू शकते. जो अजून गोठायचाच आहे, त्याचं तिला काय सांगू?